पावणेबारापर्यंतचं निदान

मी तोंड उघडायच्या आत कौतिकाबाईंनी मला निदान सांगून टाकलं.

"मायट्रल स्टेनोसिस," त्या म्हणाल्या. खाटेवर मांडी घालून, पदर नीट सावरून, वर्गातल्या हुशार मुलीसारख्या त्या बसल्या होत्या. "मिड-डायस्टॉलिक मर्मर आहे. डाव्या कुशीवर निजवायचं आणि नळीच्या वाटीच्या बाजूनं ऐकायचं. चपट्या बाजूनं ऐकलं की देवस्थळी सर चिडतात. घ्या लिहून."

मी लिहून घेतलं नाही. मी घाबरलो. जगात एवढे रोग पडलेत, त्यातला नेमका 'म'नं सुरू होणारा माझ्या वाट्याला आला होता.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरमधली. एमबीबीएसची शेवटची परीक्षा, मेडिसिनचं प्रॅक्टिकल, आणि माझी तिसरी खेप. कॉलेजचं नाव सांगत नाही. मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज होतं, एवढं पुरे. मी तोतरा आहे. आजही आहे. कुठलंही अक्षर लहर लागली की अडतं, पण 'म' हमखास अडतो. ओठ मिटले की मिटलेच. अशा माणसाचं नाव घरच्यांनी मुंजाजी ठेवलं होतं. मुंजाजी ढवळे. वडील एसटीत कंडक्टर. बत्तीस थांब्यांची नावं ते एका दमात घेत, आणि घरी आल्यावर मी स्वतःचं नाव सांगत असलो की खिडकीबाहेर बघत.

माझ्यावर उपचार खूप झाले. आजीनं अक्कलकाढा चाटवला. शाळेच्या हेडमास्तरांनी तोंडात खडे धरून वाचायला लावलं, त्यातला एक मी गिळला. मेडिकलला आल्यावर आमचे विभागप्रमुख डॉ. देवस्थळी यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चष्मा काढून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ढवळे, तुमच्यात आत्मविश्वास नाही." पंचवीस वर्षांचा अनुभव होता त्यांचा. औषध मात्र सांगितलं नाही.

मी माझ्यापुरता एक उपाय शोधून काढला होता. अडलेला शब्द सोडायचा आणि त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. वॉर्डात सगळी मुलं बायकांना मावशी म्हणायची, मी आत्या म्हणायचो. मंगळवारला 'उद्या' म्हणायचो, त्यासाठी सोमवारपर्यंत थांबायचो. पहिल्या खेपेला मात्र या उपायानं घात केला. समोरच्या पेशंटला मलेरिया होता. मला ते कळलं होतं, पण शब्द येईना, आणि परीक्षक घड्याळ बघायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून सुटलं, "टायफॉईड."

देवस्थळी सरांनी चष्मा काढला. "ढवळे, तुम्हाला 'म' म्हणता येत नाही म्हणून पेशंटला टायफॉईड होत नसतो."

नापास. दुसऱ्या खेपेला स्नायूंच्या रोगाचा पेशंट आला, त्याच्या इंग्रजी नावातही पहिलं अक्षर तेच. या वेळी मी शब्द बदलायचा नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे घंटा होईपर्यंत ओठ मिटून उभा राहिलो. परत नापास. मेडिसिनच्या विभागात तेव्हापासून एक विनोदच झाला होता : ढवळ्याला शब्द अडला की तो पेशंटचा रोग बदलतो.

आता कौतिकाबाईंबद्दल सांगायला हवं. त्या परीक्षेच्या पेशंट होत्या. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, त्यात हृदयाची मायट्रल नावाची झडप आकसली, आणि तिच्यातून रक्त जाताना जो आवाज, म्हणजे मर्मर, यायचा तो इतका स्पष्ट होता, की विभागाला त्यांचा अभिमान होता. वर्षातून दोनदा परीक्षा आली की विभागातून त्यांच्या गावी कार्ड जायचं. त्या दोन दिवसांसाठी यायच्या, चार नंबरच्या खाटेवर बसायच्या, आणि घाबरलेल्या मुलांना पास करून घरी जायच्या. नऊ वर्षं हे चालू होतं. त्यांच्या छातीला कान लावून सव्वाशे तरी डॉक्टर झाले असतील. देवस्थळी सर पाहुण्या परीक्षकांना त्यांची ओळख 'आमची क्लासिकल केस' अशी करून द्यायचे, तेव्हा त्या किंचित मान झुकवायच्या.

मला पंचेचाळीस मिनिटं होती. पेशंटला विचारायचं, तपासायचं, मग परीक्षक येणार आणि उलटतपासणी घेणार.

"आ... आत्या," मी सुरुवात केली, "धाप क... क..."

"कधीपासून ना? नऊ वर्षं झाली. जिना चढला की लागते. आता पायावर सूज आहे का ते विचारा."

"पा..."

"नाही. झोपेतून उठून बसावं लागतं का, तर तेही नाही. लहानपणी सांधे सुजले होते का?"

"स..."

"सुजले होते. बाराव्या वर्षी. आधी गुडघा, मग घोटा. झालं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सकाळच्या पोरानं धा मिनिटांत उरकलं बघा. वस्तवाल का कोण."

ओस्तवाल. आमच्या बॅचचा पहिला नंबर. म्हणजे माझ्या मागच्या बॅचचा, कारण माझी बॅच केव्हाच डॉक्टर होऊन गेली होती. ओस्तवाल सकाळी नऊच्या तुकडीत याच खाटेवर होता. 'मायट्रल' हा शब्द तो गाण्यासारखा म्हणायचा. देवस्थळी सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारलेली मी दारातून पाहिली होती.

माझी अजून अडतीस मिनिटं शिल्लक होती आणि विचारायला काही उरलं नव्हतं. तरी नियम म्हणून शेवटचा प्रश्न विचारावा लागतो, आणखी काही त्रास आहे का, असा. मी तोंड उघडलं. 'आणखी' अर्धा बाहेर आला आणि अडला. मान ताठ झाली, डोळे वटारले गेले. अडल्यावर माझा चेहरा कसा होतो ते मी आरशात बघितलेलं आहे. फौजदार संशयितावर नजर रोखतो तसा.

कौतिकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. पाच सेकंद गेले, दहा गेले. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

"विचारू नका हो ते."

मी काहीच विचारलं नव्हतं. अजून 'आण' वरच होतो.

"गिराम सरांनी सांगून ठेवलंय, नवं काही बोलायचं न्हाई. पोरांचा गोंधळ व्हतो म्हणले. परीक्षा झाल्यावर बघू."

गिराम सर आमच्या विभागातले लेक्चरर. परीक्षेच्या पेशंटची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. कुठल्या खाटेवर कुठला रोग ठेवायचा ते तेच ठरवायचे.

"न... नवं काय?" मी म्हणालो.

"आंगात कसकस ऱ्हाते. तीन आठवडे झाले. सांजच्याला थंडी वाजून येती. तालुक्याला दाढ काढली, त्याच्या मागनं सुरू झालं बघा. आणि हे," त्यांनी उजव्या हाताची बोटं पुढे केली, "भाकरी थापताना दुखतंय. काटा मोडल्यागत. पर काटा न्हाई."

मी बोट हातात घेतलं. बोटाच्या पेरावर मसुराच्या दाण्याएवढी लालसर गाठ होती. दाबली तशा त्या कळवळल्या. दुसऱ्या बोटावर तशीच एक. नखांखाली बारीक काळपट रेघा, कुसळं टोचल्यासारख्या. मी त्यांना निजवलं, पोट तपासलं. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागली. थर्मामीटर लावला. एकशे एक. खाटेच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर मात्र 'ताप नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, आजचंही आणि उद्याचंही.

पुस्तकात हे सगळं एका पानावर आहे. आकसलेल्या, खराब झालेल्या झडपेवर जंतू बसतात. दाढ काढताना ते रक्तात शिरतात, झडपेवर घर करतात आणि तिथून त्यांचे बारीक तुकडे अंगभर सुटतात. बोटात अडकला तर गाठ येते, मेंदूत अडकला तर माणूस लुळा पडतो नाहीतर जातो. अशा पेशंटला परीक्षेला बसवत नाहीत. वॉर्डात घेतात, रक्त तपासायला पाठवतात आणि लगेच सलाईनमधून औषध सुरू करतात.

"कोणाला सां... सांगितलं होतं का हे?"

"परवा आले तवाच सांगितलं गिराम सरांना. ते म्हणले, कौतिकाबाई, तुमी आमच्या सगळ्यात भरवशाच्या. तुमीच असं केलं तर कसं व्हायचं?"

सव्वाअकराला परीक्षक आले. पुढे देवस्थळी सर, त्यांच्या मागे बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. वैरागडे, नागपूरकडच्या, पन्नाशीच्या, पायात साध्या चपला. आणि सगळ्यात मागे फायली घेतलेले गिराम सर.

"मॅडम, हे मिस्टर ढवळे," देवस्थळी सर म्हणाले. "तिसऱ्यांदा. थोडा बोलण्याचा प्रॉब्लेम आहे. म्हणजे शब्द अडला की दुसरा टाकतात. आपण सांभाळून घेऊ." आणि माझ्याकडे वळून, "हं, ढवळे. वेळ घालवू नका. निदान?"

मी खरंच सांभाळून घेण्यालायक काही करणार नव्हतो. मनात वाक्य तयार होतं. आधी झडपेचा रोग, मग जंतूंचा. पण पहिल्याच शब्दावर ओठ मिटले. सरांनी घड्याळ बघितलं. माझ्या मेंदूनं, पंचवीस वर्षांच्या सवयीनं, पुढचा सोपा शब्द, जंतूंच्या रोगाचा, उचलला.

"इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस," मी म्हणालो. एकही अडथळा नाही. सुरेख आला.

देवस्थळी सर हसले. गिराम सरांनी फायलीमागे तोंड लपवलं.

"बघा मॅडम," सर म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? मायट्रल म्हणायचं होतं. 'म' आला नाही, म्हणून 'इ'चा रोग दिला."

"स... सर, खरंच..."

"ढवळे, कौतिकाबाईंना मी नऊ वर्षं ओळखतो. माझ्या घरातल्या माणसांच्या छातीपेक्षा यांची छाती मला जास्त माहीत आहे. नुसतं मायट्रल स्टेनोसिस आहे हे. गेल्या नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं दुसरं काही सांगितलेलं नाही."

वैरागडे मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "आणि आकसलेल्या झडपेवर एन्डोकार्डायटिस क्वचितच होतं, नाही का?"

म्हणजे गोष्ट अशी होती. मी खरं बोललो होतो आणि ते माझ्या तोतरेपणाचं लक्षण ठरलं होतं. ज्या रोगाचं नाव मला घेता येत होतं तो रोग पेशंटला असूच शकत नव्हता. आणि खाटेवर कौतिकाबाई, ज्या मुलांना उत्तरं पुरवायच्या, त्या खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

एकच मार्ग होता. आधी तो शब्द म्हणायचा.

मी परत सुरू केलं. ओठ मिटले. हनुवटी थरथरायला लागली. डावा पाय, मला आवरता येत नाही, फरशीवर आपटायला लागला.

"मायट्रल," देवस्थळी सरांनी पुरवलं. "मायट्रल स्टेनोसिस. बरोबर. पुढे चला."

मी हात वर केला. सरांसमोर. बोलू नका, असा. हे कसं झालं मला माहीत नाही. विभागप्रमुखांना हात दाखवून थांबवणारा विद्यार्थी आमच्या कॉलेजात त्याआधी झालेला नव्हता. सर इतके चकित झाले की थांबले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. वैरागडे मॅडमनी एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त माझ्या पायाचा आवाज येत होता. मग ओठ सुटले.

"म...मायट्रल स्टेनोसिस आहे," मी म्हणालो. "ते जुनं आहे. आणि त्याच्यावर ए... एन्डोकार्डायटिस झालंय. हे नवं आहे. तीन आठवड्यांचा ताप. दाढ काढलीय. पानथरी लागते. बोटं बघा."

गिराम सर फायली चाळायला लागले.

मग कौतिकाबाईंनी आपला हात वर केला आणि वैरागडे मॅडमच्या पुढे धरला.

"बघा बाई," त्या म्हणाल्या. "हे तुमच्या कागदावर न्हाई."

मॅडमनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, बोट हातात घेतलं. पेर दाबलं. कौतिकाबाईंच्या तोंडून 'आई गं' निघालं. मॅडमनी नखं उजेडात धरली, एकेक करून पाचही बघितली. मग कपाळाला हात लावला. नऊ वर्षांत त्या बाईच्या कपाळाला हात लावणारी बहुधा ती पहिली परीक्षक असेल. सगळे एकदम छातीवर जायचे.

"देवस्थळी," मॅडम म्हणाल्या, "हे बघितलंत?"

देवस्थळी सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहरा उतरला. शेवटी डॉक्टर होते, ओळखलं त्यांनी. पण पुढच्याच क्षणी ते विभागप्रमुख झाले.

"गिराम! मला सांगितलं का नाही?"

"सर, फायलीत नव्हतं."

"सकाळी ओस्तवालनं तापाबद्दल काय सांगितलं?"

"ताप नाही असं सांगितलं, सर. आपण त्याला सगळ्यात जास्त मार्क दिलेत."

तिथं जी चर्चा झाली ती माझ्या समोर झाली, कारण मला जा असं म्हणायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. अडचण मोठी होती. बाईंना एन्डोकार्डायटिस आहे असं मान्य केलं, तर सकाळी ओस्तवाल चुकला. ओस्तवालला सुवर्णपदक द्यायचं जवळपास ठरलेलं होतं. नाही असं म्हटलं, तर बाई समोर तापानं फणफणत होती. शिवाय दुपारच्या तुकडीतल्या दोन मुलांना हीच खाट द्यायची होती आणि उद्या आणखी दोघांना. दुसरी मायट्रलची केस विभागाकडे नव्हती. एक होती, पण तिचा आवाज अस्पष्ट होता.

"असं करू," देवस्थळी सर म्हणाले. "उद्या संध्याकाळी परीक्षा संपते. परवा सकाळी बाईंना वॉर्डात घेऊ. तीन आठवडे ताप आहे, दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

वैरागडे मॅडम घुटमळल्या. पाहुण्या होत्या. "निदान आज दुपारपुरतं..." त्या म्हणाल्या, "नंतर लगेच..."

"नाही," मी म्हणालो.

'न' मला कधी फारसा अडत नाही.

"आत्ता न्यायचं. रक्ताच्या तीन बाटल्या तपासायला प... पाठवायच्या, आणि मग औषध. आत्ता."

"ढवळे," देवस्थळी सर शांतपणे म्हणाले, "तुमची परीक्षा संपलेली नाही. अजून छोट्या केसेस आहेत, तोंडी आहे. हॉल सोडून गेलात तर गैरहजर मांडावं लागेल. चौथी खेप. विचार करा."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, बराच केला. वडील रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती, आणि प्रत्येक निकालाच्या दिवशी ते मुद्दाम लांबच्या गाडीवर ड्यूटी मागून घेत. मग कोपऱ्यातली चाकाची खुर्ची ओढली.

"बसा आत्या."

"चालत येते की."

"बसा."

त्या बसल्या. मी खुर्ची ढकलली. दारापाशी गेलो तेव्हा मागून वैरागडे मॅडमचा आवाज आला, "किती वाजले?" आणि गिराम सरांचा, "पावणेबारा, मॅडम." 

वॉर्ड दुसऱ्या टोकाला होता. कॉरिडॉरभर कौतिकाबाई मला समजावत होत्या. "जा लेकरा माघारी. पास हो आधी. म्या कुठं पळून चालले?" मी काही बोललो नाही. बोललो असतो तर वॉर्ड येईपर्यंत पहिलाच शब्द चालला असता.

रक्त घेतलं. ड्यूटीवरच्या हाऊसमननं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, सही केली. औषध चढायला लागलं तेव्हा साडेबारा झाले होते. मी परत हॉलकडे गेलो तर वैरागडे मॅडम दारातच उभ्या होत्या.

"छोट्या केसेस राहिल्यात तुमच्या," त्या म्हणाल्या. "मी गैरहजर मांडू दिलं नाही. चला."

छोट्या केसेस मी कशाबशा केल्या. तोंडीत अर्धा वेळ मी अडलो होतो आणि उरलेला अर्धा देवस्थळी सर.

निकाल लागला. मी पास झालो, शंभरात बरोबर पन्नास. ओस्तवालला सुवर्णपदक मिळालं. हे दोन्ही एकाच वेळी कसं जमलं, ते मला विभागातल्या क्लार्कनं नंतर दाखवलं. परीक्षेच्या कागदपत्रांत एक टीप जोडलेली होती. चार नंबरच्या खाटेवरील रुग्णास सकाळी नऊ ते पावणेबारा या वेळेत केवळ मायट्रल स्टेनोसिस होते, पावणेबारापासून एन्डोकार्डायटिस उद्भवले, सबब दोन्ही विद्यार्थ्यांची उत्तरे बरोबर धरण्यात यावीत. खाली दोन सह्या होत्या. वैरागडे मॅडमची सही जरा वाकडी होती.

रक्तात जंतू सापडले. सहा आठवडे कौतिकाबाई वॉर्डात होत्या. नवव्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवसापासून त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका जमायला लागला, आणि त्या बोटं पुढे करून त्या गाठींचं इंग्रजी नाव सांगायला शिकल्या. वर्षभरानं शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांची झडप फुग्यानं मोकळी केली. मांडीच्या शिरेतून तार घालून करतात ते, छातीवर व्रण राहत नाही.

तोवर मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात एक दिवस दुपारी कौतिकाबाई थेट माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या आणि तपासायच्या टेबलावर डाव्या कुशीवर निजल्या.

मी स्टेथोस्कोप लावला. वाटीच्या बाजूनं. मग चपट्या बाजूनं. श्वास रोखायला लावून, उठवून, परत निजवून. काही नव्हतं. स्वच्छ हृदय होतं.

"का... काहीच नाही आत्या. चांगलं आहे."

"तेच म्हणते मी." त्या उठून बसल्या. "मागल्या हप्त्यात परीक्षेचं कार्ड आलं, लई दिसांनी. म्हटलं यादीत नाव ऱ्हायलं असंल. गेले. देवस्थळी सर न्हाईत आता, बदली झाली. कुणी काही विचारलं न्हाई, चार नंबरच्या खाटेवर बसवलं. म्या गप्प बसले. म्हटलं बघू तरी गंमत. सहा पोरं आली. सहाच्या सहा जणांनी ऐकला मर्मर. एकानं तर तोंडानं करून दाखवला, असा. नवे सर म्हणले, शाब्बास."

मी हसायला लागलो. त्या हसल्या नाहीत.

"सातवी पोरगी आली. तडवी म्हणून. लई वेळ ऐकत बसली बिचारी. दोनदा, तीनदा. मग सरांना म्हणली, सर, मला काहीच ऐकू येत न्हाई, हार्ट नॉर्मल आहे." कौतिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. "नापास केली हो तिला. कान तपासून घ्या म्हणले. जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. म्या सांगाया गेले सरांना, फुगा घातलाय, आवाज न्हाई आता. ते म्हणले, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

त्या पुढे वाकल्या.

"तुमी चला. तुमी डॉक्टर हाव. तुमी सांगा."

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या मुलीचा निकाल बदलायला पाच महिने लागले. चौकशी समिती नेमली गेली. समितीतल्या चार डॉक्टरांनी कौतिकाबाईंची छाती तपासली आणि त्यातल्या दोघांना तेव्हाही मर्मर ऐकू आला. मला तीनदा साक्ष द्यावी लागली, आणि तिसऱ्या वेळी समितीचा लघुलेखक लिहिणं थांबवून चहा पिऊन आला तरी माझं पहिलं वाक्य संपलेलं नव्हतं. शहरातल्या इस्पितळाचा रिपोर्ट मागवला तेव्हा कुठं मिटलं. डॉ. तडवी आज नंदुरबारकडे दवाखाना चालवतात, चांगल्या डॉक्टर आहेत.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. साडेतीनची एसटी होती. मी रजेचा अर्ज पुढे ओढला. नाव, हुद्दा, तारीख लिहिली आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. प्रकृती अस्वास्थ्य लिहावं तर मी धडधाकट होतो. घरगुती काम म्हणावं तर तेही नव्हतं.

"काय झालं?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"का... कारण लिहायचंय. रजेचं."

त्यांनी क्षणभर विचार केला.

"लिहा की," त्या म्हणाल्या, "पेशंट बरी झाल्यामुळे."